गुलमर्गचा बर्फ: अंदाज कसा वाचायचा आणि स्कीइंगचा दिवस कसा ठरवायचा

डिसेंबर लागला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एकच प्रश्न फिरू लागतो: गुलमर्गला बर्फ पडलाय का? मग कुणीतरी ॲपचा स्क्रीनशॉट टाकतं, पुढच्या आठवड्यात ४५ सेंटीमीटर दाखवतंय म्हणून, आणि लगेच विमानाची तिकिटं निघतात. जानेवारी २०२४ मध्ये असं गेलेल्यांना गुलमर्गच्या मैदानात वाळकं, तपकिरी गवत बघायला मिळालं. महिन्याचा बहुतेक काळ कोरडाच गेला आणि खरा बर्फ आला तो महिना सरता सरता. त्याच्या पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा पुरेशा बर्फाअभावी पुढे ढकलावा लागला. तो मार्चमध्ये झाला.

ॲपमधला सेंटीमीटरचा आकडा हा अंदाजाचा सगळ्यात कच्चा भाग असतो. शून्य अंशाची रेषा किती उंचीवर आहे, वारा कुठून आणि किती जोराचा आहे, आणि नवा बर्फ कशावर पडणार आहे, या तीन गोष्टी त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त सांगतात. त्या वाचायला हवामानशास्त्राची पदवी लागत नाही. जुलैमध्ये रडारवरचे ढग बघून राजमाचीला निघायचं की नाही हे ठरवणाऱ्या कुणालाही हे जमेल. फक्त सह्याद्रीत आपण पाऊस किती एवढंच बघतो. इथे पाऊस की बर्फ, आणि तो कोणत्या उंचीवर, हे आधी बघायचं.

पहिली पायरी: उंच्या पाठ करा

श्रीनगर सुमारे १,६०० मीटरवर आहे. तिथून साधारण ५० किलोमीटरवर गुलमर्ग. वाटेत पायथ्याचं टंगमर्ग सुमारे २,१५० मीटरवर, आणि गुलमर्गचं मैदान, जिथे हॉटेलं आणि नवशिक्यांचे उतार आहेत, ते २,६५० मीटरवर. गोंडोल्याचा, म्हणजे केबल कारचा, पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला सोडतो, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर. दुसरा टप्पा, ज्याला सगळे फेज टू म्हणतात, अफरवट शिखराच्या खांद्यावर ३,९५० मीटरच्या आसपास संपतो. मैदानापासून वरच्या स्टेशनपर्यंत जवळपास १,३०० मीटरची चढण झाली.

हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होत जाते. म्हणजे एकाच क्षणी मैदानात शून्य अंश असेल, तर फेज टूच्या वर उणे आठ-नऊ. खाली चिखल आणि वर पावडर, म्हणजे कोरडा भुरभुरीत बर्फ, हे गुलमर्गला अगदी नेहमीचं दृश्य आहे. म्हणून ‘गुलमर्ग: ३० सेंटीमीटर’ एवढंच लिहिलेलं असेल तर पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की कुठल्या उंचीवर?

संगणकी मॉडेलांना हा डोंगर नीट दिसत नाही, हेही ध्यानात घ्या. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून गणित करतं. नावाजलेल्या युरोपियन मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (आयआयटीएम) तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये सुरू झालेली भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या जाळीवर चालते, ही आपल्याकडची मोठीच मजल आहे. तरीही मैदान आणि शिखर यांच्यातलं आडवं अंतर एवढं कमी आहे की दोन्ही एकाच चौकोनात सापडू शकतात, आणि मॉडेल त्यांची सरासरी उंची धरून चालतं. त्यामुळे ज्या संकेतस्थळावर पायथा, मध्य आणि माथा असे तीन उंचींचे वेगवेगळे अंदाज मिळतात तेच उघडा. स्नो-फोरकास्ट आणि माउंटन-फोरकास्टवर ही सोय आहे.

दुसरी पायरी: तारखा निवडताना अंदाज नाही, हवामानाचा स्वभाव बघा

तिकीट दोन महिने आधी काढायचं असतं. दोन महिन्यांनंतरच्या एखाद्या आठवड्यात किती बर्फ पडेल हे कुणीही सांगू शकत नाही. इथे उपयोगाला येतो तो ऋतूचा ठोकताळा.

काश्मिरी लोक थंडीचे तीन भाग पाडतात. २१ डिसेंबरपासून ४० दिवस चिल्लई कलान, मग २० दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटी १० दिवस चिल्लई बच्चा. कडाका पहिल्या चाळीस दिवसांत असतो. स्कीइंगसाठी मात्र थंडीइतकाच साठा महत्त्वाचा, कारण दगड, झुडपं आणि ओहोळ झाकले जायला आधी बऱ्याच बर्फवृष्टी व्हाव्या लागतात. नाताळच्या सुट्टीत मैदान पांढरं असलं तरी वरच्या उतारांवरचे दगड-झुडपं बहुधा पुरती झाकलेली नसतात. जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारी संपेपर्यंतचा काळ मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. मार्चमध्ये बर्फ पडतोच, कधी कधी भरपूर पडतो, पण दिवसाचं ऊन तापतं आणि दुपारपर्यंत बर्फ जड होतो.

पहिल्यांदाच शिकायला जाणार असाल, म्हणजे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या गुलमर्गच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंगसारख्या संस्थेच्या कोर्सला, तर तारखा संस्थेच्याच असतात. निवडीला वाव असेल तर डिसेंबरची बॅच सोडून फेब्रुवारीची घ्या.

स्वतःच्या हिमतीने जाणाऱ्यांनी कमीत कमी सहा रात्री गुलमर्गला ठेवाव्यात, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. दोन रात्रींचं पॅकेज म्हणजे निव्वळ नशिबावर हवाला. वादळ दोन दिवस चालतं, त्यानंतर फेज टू उघडायला आणखी एखादा दिवस लागतो, आणि मग जो उघडा निळा दिवस मिळतो त्याच्यासाठीच तर माणूस एवढ्या लांब येतो.

तिसरी पायरी: दहा दिवस उरले की पश्चिमेकडे बघा

काश्मीरचा हिवाळी बर्फ येतो पश्चिमी चक्रावातांमुळे. नाशिकच्या द्राक्षबागाईतदारांना हा शब्द चांगलाच ठाऊक आहे, कारण त्याच प्रणाली उत्तरेतून सरकल्या की इकडे निफाडचा पारा घसरतो, आणि कधी त्यांच्या प्रभावाने अवकाळी पाऊस-गारपीटही होते. भूमध्य समुद्राच्या आसपास जन्मलेल्या या प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात, वाटेत अरबी समुद्राचं बाष्पही ओढून घेतात आणि पीर पंजालच्या भिंतीला धडकतात. गुलमर्ग या रांगेच्याच अंगावर बसलंय. हवा वर ढकलली जाते, थंड होते आणि ओझं तिथे उतरवते. थंडीत महिन्याला साधारण चार ते सहा पश्चिमी चक्रावात येतात, पण त्यातले बरेचसे दुबळे असतात. ढग आणतात, दोन-चार सेंटीमीटर शिंपडतात आणि निघून जातात.

दहा दिवस आधी फक्त एवढंच बघायचं, की कोणत्या तारखांच्या आसपास एखादी बळकट प्रणाली येताना दिसतेय का. हवामान विभागाचा विस्तारित अंदाज दर गुरुवारी निघतो. पुढच्या चार आठवड्यांत वायव्य भारतात सरासरीपेक्षा जास्त ओल आहे की कमी, याचा कल त्यात कळतो. त्यापलीकडे त्यातून काही काढायला जाऊ नका.

पाच दिवस उरले की विंडीसारख्या ॲपवर युरोपियन मॉडेल आणि अमेरिकेचं जीएफएस, दोन्ही शेजारी शेजारी बघा. दोघांची तारीख एक असेल आणि प्रमाणही आसपास असेल तर प्रणाली खरी मानायची. एक ६० मिलिमीटर (हे माप बर्फ वितळून होणाऱ्या पाण्याचं) म्हणतंय आणि दुसरं ८, तर दोन्ही आकडे बाजूला ठेवा आणि बारा तासांनी पुन्हा उघडा. मॉडेलची मुख्य आवर्तनं जागतिक वेळेनुसार मध्यरात्री आणि दुपारी बाराला, म्हणजे आपल्या घड्याळात पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचला सुरू होतात, आणि त्यांचे निकाल हाती यायला काही तास लागतात. दर तासाला ॲप उघडून काहीही नवं कळत नाही. दुपारी एकदा आणि रात्री झोपण्याआधी एकदा, एवढं पुरे. मी आकडा बघतच नाही. आवर्तनागणिक तो चढतोय की उतरतोय ते बघतो. तीन वेळा ओळीने चढला तर बॅग भरायला घेतो.

दोन दिवस आधी इन्सॅटचं उपग्रहचित्र हवामान विभागाच्या संकेतस्थळावर उघडा. अफगाणिस्तानावर ढगांचा जाड, वळलेला पट्टा दिसत असेल, तर पाहुणा निघालाय हे डोळ्यांनीच कळतं.

चौथी पायरी: शून्य अंशाची रेषा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अंदाजात ‘फ्रीझिंग लेव्हल’ नावाची ओळ असते. ज्या उंचीवर हवेचं तापमान शून्य होतं ती ही उंची. बर्फ मात्र त्याच्याही थोडा खालपर्यंत टिकतो, कारण पडता पडता वितळायला त्याला वेळ लागतो. ढोबळमानाने शून्य रेषेतून २०० ते ३०० मीटर वजा केले की हिमरेषा मिळते.

आता हे प्रत्यक्ष करून बघू. समजा शुक्रवारी रात्री शून्य रेषा ३,००० मीटर दाखवतेय आणि २० मिलिमीटर ओल. हिमरेषा येते २,७५० च्या आसपास. म्हणजे मैदानात बर्फमिश्रित पाऊस, कोंगडोरीला ओला जड बर्फ आणि फेज टूच्या वर उणे सहाला चांगला बर्फ. टंगमर्गला धो धो पाऊस. आता तेच २० मिलिमीटर, पण शून्य रेषा २,००० वर. आता टंगमर्गलाही बर्फ, मैदानात उणे चार, आणि वर उणे बारा-तेराला हलकी, धुरकट पावडर. ॲपवर दोन्ही वेळा हिमकणाचं तेच चित्र असतं.

मिलिमीटरचे सेंटीमीटर करायचे तर शून्याच्या आसपास १ मिलिमीटरला जेमतेम पाऊण ते एक सेंटीमीटर धरा, आणि उणे आठ-दहाला दीडपर्यंत. वरच्या पहिल्या उदाहरणात मैदानात चिखल आणि वर २०-२५ सेंटीमीटर. दुसऱ्यात वर ३० च्या घरात. हा बर्फ पडल्या क्षणापासून दबायलाही लागतो, म्हणून दोन दिवसांची बेरीज ५० सेंटीमीटर झाली तरी मोजपट्टी ५० दाखवणार नाही.

आणखी एक गोष्ट. पश्चिमी चक्रावाताच्या पुढच्या भागात वारे नैर्ऋत्येचे आणि उबदार असतात, आणि तो पुढे सरकला की मागून वायव्येची थंड हवा येते. त्यामुळे बहुतेक वादळांत शून्य रेषा सुरुवातीला उंच असते आणि नंतर खाली येते. खाली ओला बर्फ आणि वर कोरडा, हा क्रम स्कीइंगला उत्तम आणि थर चिकटून राहायलाही बरा. तासागणिक तक्त्यात याच्या उलट दिसलं, म्हणजे वादळ चालू असताना रेषा वर चढत असेल, तर त्या वादळानंतरचा पहिला दिवस वरच्या उतारांसाठी माझ्या यादीतून बाद.

इंटरनेट नसेल तर श्रीनगरवरून अंदाज बांधता येतो. श्रीनगर आणि गुलमर्गमध्ये हजारभर मीटरचा फरक, म्हणजे सात अंशांचा. श्रीनगरला पाऊस पडतोय आणि तापमान ४ अंश, तर गुलमर्गला उणे तीन आणि बर्फ. श्रीनगरला ९, तर गुलमर्गच्या मैदानात भिजायची तयारी ठेवा. हे गणित फक्त ढगाळ, वाहत्या हवेत चालतं. निरभ्र रात्री जड थंड हवा खोऱ्याच्या तळाशी साचते आणि श्रीनगरचं किमान तापमान गुलमर्गपेक्षाही खाली जाऊ शकतं. तेव्हा त्या आकड्यावरून डोंगराबद्दल काहीच ठरवू नका.

पाचवी पायरी: वारा

बर्फ पडला, आकाश निवळलं, तरी फेज टू बंद. पर्यटक वैतागतात आणि कर्मचाऱ्यांशी हुज्जत घालतात. कारण बहुधा वारा असतो, नाहीतर स्की पट्रोलचं, म्हणजे उतारांवरच्या सुरक्षा पथकाचं, उतार तपासण्याचं काम अजून चालू असतं. मैदानातल्या झाडाचं पानही हलत नसताना कड्यावर केबिन झुलवणारा वारा असू शकतो. म्हणून अंदाजात जमिनीजवळचा वारा बघण्यात अर्थ नाही. विंडीवर उंचीची पट्टी सरकवून ७०० हेक्टापास्कल म्हणजे साधारण ३,००० मीटर, आणि ६०० हेक्टापास्कल म्हणजे ४,२०० मीटरच्या आसपास, या दोन पातळ्यांचा वारा वाचा.

वाऱ्याचं दुसरं काम जास्त गंभीर आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वारा पोहोचला की कोरडा सुटा बर्फ हलायला लागतो. कड्याच्या पश्चिमेकडून उचलायचा आणि पलीकडच्या आडोशाला नेऊन टाकायचा. गोंडोल्याकडचे अफरवटचे उतार मुख्यतः पूर्व-ईशान्येकडे तोंड करून आहेत आणि वादळातले वारे नैर्ऋत्य-पश्चिमेचे, त्यामुळे हा आडोसा नेमका आपल्या स्कीइंगच्या बाजूला येतो. आकाशातून ३० सेंटीमीटर पडला असेल तर कड्याखालच्या वाडग्यासारख्या खोलगट उतारात त्याच्या दुप्पट-तिप्पट साचलेला सापडू शकतो, तोही घट्ट लादी होऊन. सकाळी मैदानातून अफरवटच्या धारेकडे बघा. धारेवरून पांढरा धूर उडताना दिसला, तर बर्फवृष्टी थांबलेली असली तरी वरच्या उतारांवर भर पडणं चालूच आहे.

सहावी पायरी: सरकारी पत्रक नीट वाचा

श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज मी कोणत्याही ॲपच्या बरोबरीने, पुष्कळदा त्याच्याही वर ठेवतो, कारण तिथली माणसं या खोऱ्याला ओळखतात. त्यातले शब्द मोजूनमापून वापरलेले असतात. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या पावपर्यंत केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे निम्म्यापर्यंत, ‘अनेक ठिकाणी’ म्हणजे पाऊणपर्यंत आणि ‘बहुतेक ठिकाणी’ म्हणजे त्याहून जास्त. कोकणातल्या पावसाच्या बातम्यांत हेच शब्द आपण रोज वाचतो. काश्मीरसाठी ‘बहुतेक ठिकाणी हलका ते मध्यम, उंच भागांत जोरदार’ असं आलं की गुलमर्गला हमखास मिळतं. ‘तुरळक’ असेल तर भरवसा धरू नका. मोजलेला आकडा सकाळी साडेआठला संपणाऱ्या चोवीस तासांचा असतो, एवढं लक्षात असलं की काल आणि आजची गल्लत होत नाही.

सातवी पायरी: हिमस्खलन

इथे मला घाई करायची नाही. ८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच्या खिलनमर्गला लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे १७ जवान हिमस्खलनात गेले. डोंगरावरच राहणारी, प्रशिक्षण घेणारी माणसं होती ती. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवटच्या हापतखुद भागात दोन पोलिश स्कीअर गेले, आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीअरचा मृत्यू झाला. तीनही तारखा फेब्रुवारीतल्या, म्हणजे ज्या महिन्याची मी वर शिफारस केली त्याच महिन्यातल्या. भरपूर बर्फ आणि धोका एकत्रच येतात.

धोका कसा तयार होतो ते समजून घ्या. हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो आणि मग आठवडेच्या आठवडे निरभ्र, कडक थंडी. जमिनीलगतचा बर्फ उबदार आणि वरचा गारठलेला, या फरकामुळे आतले कण एकमेकांची पकड सोडतात आणि साखरेच्या दाण्यांसारखे मोकळे होतात. त्यावर फेब्रुवारीत मीटरभर नवा बर्फ येऊन बसतो. वरून सगळं एकसंध, सुंदर दिसतं आणि तळाचा थर एका माणसाच्या वजनाने कोसळू शकतो. म्हणून कोरडा जानेवारी गेलेल्या वर्षी पहिल्या मोठ्या बर्फवृष्टीनंतर जास्त सावध राहायचं. लोकांना नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त घाई झालेली असते.

डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते आणि जम्मू-काश्मीरचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण ते जिल्हावार प्रसिद्ध करतं. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. इशाऱ्यात जिल्हा, धोक्याची पातळी आणि ‘अमुक मीटरच्या वर’ असं लिहिलेलं असतं. ती उंची तुमच्या पाठ केलेल्या उंच्यांशी ताडून बघा. ‘२,८०० मीटरच्या वर’ म्हणजे मैदान सोडून बाकी सगळं.

पट्रोलच्या देखरेखीतला भाग दोऱ्या-फलक लावून आखलेला असतो. त्याच्या बाहेर जायचं असेल तर पुढच्या अटींत मी तडजोड करत नाही, आणि तुम्हीही करू नये. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हवं, ते वापरायचा सराव हवा, आणि सोबत स्थानिक गाईड. गाडलेल्या माणसासाठी पहिली पंधरा मिनिटं निर्णायक असतात. खालून मदत येईपर्यंत ती संपलेली असतात, शोधणारे तुमचे सोबतीच असतात. उताराचा कोन मोजा. बहुतेक लाद्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात आणि फोनवरच्या साध्या ॲपनेही कोन कळतो. चोवीस तासांत ३० सेंटीमीटरहून जास्त नवा बर्फ आणि सोबत वारा असेल, तर कड्याखालचे उतार त्या दिवशी नाहीत. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळत गेली, की आहात तिथून कमी कोनाच्या जागेकडे वळा. गाईड ‘आज नहीं, सर’ म्हणाला, तर तिथे वाद घालायचा नाही. पैसे दिलेत म्हणून डोंगर उघडत नाही.

चांगला गाईड चालता चालता काय करतो ते बघण्यासारखं आहे. स्की पोल उलटा धरतो आणि मुठीची बाजू हळूहळू बर्फात दाबतो. जोर सारखाच वाढत गेला तर ठीक. आधी कडक लागून अचानक आत भसकन गेला, तर वर लादी आणि खाली पोकळ थर. दोन सेकंदांचं काम, पण शंभर पावलांवर पुन्हा करतो, कारण उताराची दिशा जरा बदलली की आतला बर्फही बदलतो.

आठवी पायरी: सकाळचा निर्णय

उठल्यावर आधी खिडकी, मग फोन. कठड्यावर किती साचलाय, धारेवर धूर आहे का, ढग कोंगडोरीच्या वर आहेत की खाली. मग मूठभर बर्फ हातात घेऊन दाबा. गोळा होतच नाही, भुरभुरतो, तर कोरडा बर्फ. वरही छान असणार. गोळा लगेच वळला तर ओला. वर जावं लागेल. पाणी सुटलं तर मैदानातला दिवस सकाळी अकराच्या आत उरका. त्यानंतर गोंडोल्याच्या तळाशी जाऊन पट्रोलच्या माणसांना विचारा की काय उघडतंय. हे नुसतं विचारणंच पुष्कळ जण टाळतात.

बर्फ पडतोय आणि वर काही दिसत नाही अशा दिवशी फर-पाइनच्या जंगलात जा. झाडांमुळे उताराचा अंदाज येतो. उघड्या वाडग्यात पांढऱ्यात पांढरं मिसळून माणसाचा तोलच जातो. मंकी हिलचं जंगल त्यासाठी तिथे प्रसिद्ध आहे. झाडाच्या बुंध्याभोवतीच्या पोकळीपासून लांब राहा आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. बाबा रेशीकडे किंवा टंगमर्गपर्यंत खाली उतरत जायची इच्छा असेल तर हिमरेषा काही दिवस २,१०० च्या खाली राहिलेली हवी, नाहीतर शेवटचा तासभर स्की खांद्यावर घेऊन दगडांतून चालावं लागेल.

निरभ्र दिवशी वेळापत्रक सूर्य ठरवतो. पूर्वेकडचे उतार सकाळीच तापतात. फेब्रुवारीत वरचा बर्फ दिवसभर टिकतो, पण मार्चमध्ये रात्री गोठलेला पापुद्रा सकाळी काचेसारखा निसरडा, दहा-अकराला वरचा इंचभर मऊ होऊन वळायला अप्रतिम, आणि एकनंतर गुडघाभर लगदा. तो मधला दीड-दोन तासांचा अवकाश पकडायचा. नवशिक्यांना उलट सल्ला देईन: कडक पापुद्र्यावर शिकू नका, बर्फ मऊ झाल्यावरच उतरा. गुडघाभर पावडरही शिकण्यासाठी वाईटच. तुडवून सपाट केलेला मैदानातला उतार तुमच्यासाठी सगळ्यात चांगला, आणि तो बहुतेक दिवस मिळतो.

नववी पायरी: जाण्या-येण्याचं

ज्या अंदाजाने तुम्ही खूश होता तोच अंदाज विमान रद्द करतो आणि रस्ता अडवतो. बर्फात टंगमर्गच्या पुढे साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाड्याच सोडतात, त्यामुळे श्रीनगरहून आलेली गाडी तिथे बदलायची तयारी ठेवा. वादळाच्या आदल्या दिवशी वर पोहोचलेलं उत्तम. वादळाच्या दिवशी प्रवास नको. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, आणि अख्ख्या ग्रुपमध्ये एक तरी पोस्टपेड नसेल तर वरचे सगळे अंदाज घरीच राहिले असं समजा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर थेट रेल्वे सुरू झाली आहे, विमानं बंद पडली तर तो मार्ग आधीच शोधून ठेवावा. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम श्रीनगरला ठेवा, आणि त्या दोन दिवसांत मोठी प्रणाली येताना दिसत असेल तर एक दिवस आधीच खाली उतरा.